पाट्यांवरची मुंबई : मावशीसोबत पाच दिवस

मुंबईला मी आजवर किती वेळा गेलो असेन ते मोजायला बसलो तर आकडा वीसच्या वर जाईल. एकदा परीक्षेला, दोनदा मंत्रालयात फाईलीच्या मागे, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तर सलग अठरा दिवस, लग्नं-मुंजी वेगळ्या. आणि एवढं करून बघितलेली मुंबई म्हणजे काय तर गेटवे, राणीचा हार, सिद्धिविनायक, हाजी अली. सांगलीतनं शाळेची ट्रिप जाते तेवढीच. म्हणून या जानेवारीत पाच दिवस रजा टाकली आणि ठरवलं की यावेळी काम नाही, हॉस्पिटल नाही, नुसतं फिरायचं, आणि जिथे ट्रिपची बस थांबत नाही तिथे जायचं.

मुक्काम परळला मावशीकडे. मावशी लग्न होऊन परळात आली ती तिथलीच झाली, पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. चाळ पाडून आता बिल्डिंग झालीय, बाराव्या मजल्यावर घर, पण वागणं अजून चाळीचंच, दार दिवसभर उघडं. काका गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्यांच्यासाठी कधी संपलाच नाही, पुढे वॉचमनकी करून दोन पोरं शिकवली. आता गुडघे गेलेत त्यामुळे ते घरीच असतात.

दिवस पहिला, मंगळवार

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरलो, परळला जायला लोकल पकडली, दोनच मिनिटांचा प्रवास, पण त्या दोन मिनिटांत डब्यातल्या दारावरचा तो नकाशा वाचत होतो आणि पहिल्यांदाच डोक्यात आलं की ही नावं कुठून आली असतील? मस्जिद म्हणजे कुठली मशीद? चर्चगेटला गेट कुठाय? आणि तिथल्या तिथे प्लॅन ठरला, नावं शोधायची. घरी पोचून मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे पण तिथे बघण्यासारखं काय आहे?" हे वाक्य पुढचे पाच दिवस मी रोज ऐकलं.

जेवण, झोप वगैरे झाल्यावर संध्याकाळी म्हटलं घराजवळचंच बघू. परळ गावात बारादेवीचं देऊळ आहे. मावशी दर नवरात्रात तिथे ओटी भरते, म्हणजे पंचेचाळीस नवरात्रं. मी विचारलं तिथला शंकराचा दगड बघितलायस का, तर म्हणाली, "आहे की काहीतरी मोठं, जाळीच्या मागे, मी कधी नीट बघितलं नाही, ओटी भरायची नि निघायचं, मागे बायकांची लाईन असते."

आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, जाळीला नाक लावून आत बघितलं. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागलं आणि मग जे दिसायला लागलं ते मी अजून विसरलेलो नाही. साडेअकरा फुटांच्या आसपास उंचीची एकच शिळा. मधोमध शंकर उभा. त्याच्या डोक्यामागून दुसरा शंकर वर निघालाय, आणि त्या दुसऱ्याच्या मागून तिसरा, तो खूप हातांचा, हात पसरलेला. आणि मग बाजूंनी, मधल्या आणि वरच्या शंकराच्या खांद्यांतून फांद्या फुटाव्यात तसे आणखी चार, तिरके झुकून बाहेर पडणारे. एकूण सात. खाली गण बसलेत, हातात वाद्यं. आणि तळाचा काही भाग अर्धवट सोडलेला आहे, छिन्नी खाली ठेवून माणूस जेवायला गेला आणि परत आलाच नाही असं वाटतं.

पाचव्या-सहाव्या शतकातलं काम आहे हे, म्हणजे घारापुरीच्याच आसपासच्या काळातलं. १९३१ मध्ये इथेच परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीत सापडली ही शिळा. हिची प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तिकडे लोक तिकीट काढून प्रतिकृती बघतात आणि अस्सल इथे परळात जाळीमागे ट्यूबलाईटच्या उजेडात.

मावशी जाळीला धरून बराच वेळ उभी होती. "सात आहेत होय," एवढंच म्हणाली. घरी येईपर्यंत गप्प. मावशी गप्प म्हणजे विशेष.

येताना दामोदर हॉलच्या बाजूला बीआयटी चाळीवरून आलो. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या चाळीत राहिले, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. साधी चाळ, लांब गॅलरी, कपडे वाळत घातलेले, पोरं खाली क्रिकेट खेळत होती. इथून मग ते दादरला हिंदू कॉलनीत राजगृहात गेले. खोल्यांच्या आकाराकडे बघून आणि त्यांनी वाचलेल्या पुस्तकांचा विचार करून माझं मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं, माझ्याकडे स्वतंत्र खोली, टेबल, लॅम्प सगळं आहे आणि वाचतो काय तर मोबाईल.

दिवस दुसरा, बुधवार

आज राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम बघायचं म्हणून सकाळी लवकर आवरून, डबा वगैरे घेऊन, भायखळ्याला पोचलो आणि गेटवर कळलं की बुधवारी बंद. म्युझियमही बंद आणि बागही. हे नेटवर स्पष्ट लिहिलेलं आहे, मीच बघितलं नव्हतं. मावशी एवढी हसली की गेटवरचा माणूसपण हसायला लागला.

मग तसंच चालत माझगावला गेलो आणि खरं सांगू का, झालं ते बरंच झालं. कारण माझगाव हा भाग मुद्दाम ठरवून कोणी जात नाही. तिथे ना समुद्रकिनारा, ना मॉल. गोदीची लांबच लांब भिंत, ट्रक, गॅरेजं, आणि मध्येच एखादं जुनं झाड.

नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे. हो, मुंबईत चिनी देऊळ. १९१९ चं. एके काळी गोदीवर काम करणारे, बोटीवरचे चिनी लोक या भागात राहायचे, त्यांनी बांधलं. बाहेरून बघाल तर साधं घर, फक्त लाल रंग आणि चिनी अक्षरं बघून कळतं. लाकडी जिना चढून वर गेलं की ग्वान गोंग नावाचा देव, शौर्याचा आणि न्यायाचा. लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर, छताला लोंबणारे कंदील. तिथे एक डबा असतो, त्यात आकडे घातलेल्या बांबूच्या काड्या. मनात प्रश्न धरायचा, डबा हलवत राहायचं, एक काडी आपोआप बाहेर पडते, तिच्यावरच्या आकड्याचं भविष्य वाचायचं. मावशीने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डबा असा काही हलवला की एकदम तीन काड्या पडल्या. परत घातल्या, परत हलवला. काय विचारलंस विचारलं तर सांगितलं नाही. काकांच्या गुडघ्याचं असणार.

वस्तीत आता चिनी माणसं फारशी उरली नाहीत पण देवळात दिवा लागतो. मला त्याचंच कौतुक वाटलं.

तिथून म्हातारपाखाडी. नाव ऐकून मावशी म्हणाली ही आपल्यासाठीच ठेवलेली दिसते. ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी वाडी आहे ही, लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, कौलं, वळणावर फुलं वाहिलेला क्रूस. गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर कोणीतरी पायरीवर चढायचं. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मूळचे, घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली, आगरी-कोळीच्या वळणाची. एक आजी दारात मासे साफ करत बसल्या होत्या, मावशीने त्यांना "बोंबील कसे दिले" विचारलं आणि पुढची पंधरा मिनिटं माझा तिथे काही उपयोग नव्हता.

काका बॅप्टिस्टा याच वाडीतले. जोसेफ बॅप्टिस्टा, टिळकांचे जवळचे सहकारी, होमरूल चळवळीतले, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. शाळेत टिळकांवर दहा मार्कांचा निबंध लिहिलेला मी, त्यात हे नाव मला कधी भेटलं नव्हतं. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वरच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. ही बाग म्हणजे खाली पाण्याची टाकी आणि वर हिरवळ. पूर्वी इथे इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता, जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९-९० च्या स्वारीत तो घेतला होता. आता किल्ल्याचं काही नाही. पण बागेच्या कठड्यावरून जे दिसतं ना, खाली हार्बरची लोकल वळण घेत जातेय, तिच्या पलीकडे गोदी, क्रेन, बांधणीतली राखाडी जहाजं, आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. आमचा डबा तिथे खाल्ला. मेथीचा ठेपला नाही हो, साधी चपाती-भाजी आणि लसणाची चटणी. आजूबाजूला पत्ते खेळणारे रिटायर्ड लोक आणि कॉलेजची जोडपी, दोन्ही पार्ट्या एकमेकांकडे दुर्लक्ष करण्यात पटाईत.

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर. इथून रेवसची लाँच सुटते हे माहीत होतं, मांडव्याची गाडीसकट नेणारी बोटही आता इथूनच. पण भाऊ कोण? लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, त्यांना भाऊ रसूल म्हणायचे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला. कागदावर याला इंग्रजी नाव आहे, फेरी वार्फ. ते मी अजून एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

परत येताना बसमधून खडा पारशी दाखवला मावशीला, भायखळ्याला फ्लायओव्हरच्या दोन हातांच्या मधे उंच खांबावर उभा असलेला पुतळा, शेठ करसेटजी माणेकजींचा. खाली ओतीव लोखंडाच्या जलपऱ्या आहेत. बस सिग्नलला थांबली म्हणून तरी दिसल्या.

दिवस तिसरा, गुरुवार

आज नावांचा दिवस. परळहून स्लो लोकल, सीएसएमटीच्या अलीकडचं स्टेशन मस्जिद. उतरलो तर पाऊल ठेवायला जागा नाही, हातगाड्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल, सुक्या मेव्याचा आणि मिरचीचा एकत्र वास, "ए बाजू, बाजू, पाय संभाळ". मावशीचा हात धरून सॅम्युअल स्ट्रीट गाठली.

तर ही मस्जिद म्हणजे मुसलमानांची मशीद नव्हेच. ज्यूंचं सिनेगॉग आहे. शार हारहमीम, १७९६ मध्ये स्थापन झालेलं, मुंबईतलं पहिलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे आणि तेच नाव स्टेशनला चिकटलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. बघा, नाव वाचून कोणाला ज्यू वाटेल? इंग्रजांच्या पलटणीत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस बोलले, सुटले आणि बांधलं. त्यांचंच दुसरं नाव सॅम्युअल इझिकेल, त्यावरून ही सॅम्युअल स्ट्रीट. म्हणजे रस्ता आणि स्टेशन दोन्हीची नावं एका दिवेकरांच्या नवसातून आलीत.

बेने इस्राईल, म्हणजे हेच दिवेकरांसारखे मराठी ज्यू, आपल्या कोकणात कित्येक पिढ्या राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून, पेणकर, केहीमकर, दिवेकर. घरची भाषा मराठी. बरेचसे पुढे इस्राईलला गेले.

आम्ही परवानगी वगैरे काही काढली नव्हती त्यामुळे बाहेरूनच बघितलं. दोन दुकानांच्या मधे, वर वायरींचं जाळं, समोर टेम्पो लावलेला. शेजारच्या गोणपाटवाल्याला विचारलं की हे किती जुनं आहे, तर म्हणाला मी इथे तीस वर्षं आहे, माझ्या आधीपासून आहे. मुंबईत जुन्याची व्याख्या हीच.

मावशीला एकदम आठवलं की चाळीत त्यांच्या वरच्या मजल्यावर एक पेणकर बाई होत्या, शाळेत मास्तरीण, नऊवारी नेसायच्या, पण शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. "आम्हाला वाटायचं मारुतीचा उपास असेल." चाळीस वर्षांनी तिला उलगडा झाला. मधेच रस्त्यात उभी राहून ती मला हे सांगत होती आणि मागून हातगाडीवाला ओरडत होता.

मग फोर्टात गेलो. सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ च्या नाताळाला सुरू झालेलं. या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्च गेट. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, दरवाजा गेला, त्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आलं, आणि नाव मात्र तिथून उचलून रेल्वेने आपल्या स्टेशनला लावलं. म्हणजे चर्चगेटला ना चर्च ना गेट. मैलाचे दगडही पूर्वी याच चर्चपासून मोजायचे. आत छान गार होतं, भिंतींवर कोरीव संगमरवरी स्मारकं, बरीचशी विशी-तिशीत तापाने किंवा लढाईत गेलेल्या इंग्रज पोरांची. मावशीने प्रत्येकाचं वय वाचायला लावलं. "आईला पत्र कधी पोचलं असेल रे," असं म्हणाली. त्यानंतर काळा घोडा चौक, आणि तिथे जो घोडा आहे तो २०१७ मध्ये बसवलेला नवा, पाठीवर स्वार नसलेला. मूळचा कुठाय? चला भायखळ्याला.

दुपारी अडीचला एकदाचे राणीच्या बागेत शिरलो. सगळे पेंग्विनकडे पळतात. आम्ही पण गेलो, खोटं कशाला सांगू, मावशीला बघायचे होते. छान आहेत. पण मला ज्यासाठी यायचं होतं ते म्युझियमच्या बाजूला उघड्यावर उभं आहे. एक म्हणजे काळा घोडा, अस्सल, सातवा एडवर्ड प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा, वर स्वारासकट, १९६५ मध्ये चौकातून काढून इथे आणून ठेवलेला. आणि दुसरा दगडी हत्ती.

हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ हा हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, क्रेनवरून पडला, तुकडे झाले, मग पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. जवळ जाऊन बघितलं तर पोटावर आणि पायांवर सांधे स्पष्ट दिसतात, सिमेंटच्या रेघा, फुटलेलं मडकं चिकटवावं तशा. सोंडेवरही. एका सांध्यात मुंग्यांची रांग लागलेली. म्हणजे बघा, एलिफंटाचा हत्ती भायखळ्यात आणि काळा घोडा चौकातला घोडापण भायखळ्यात, आणि लोक हत्ती बघायला लाँचने जातात.

म्युझियमबद्दल मी थोडंच लिहितो कारण ते प्रत्यक्ष बघायलाच पाहिजे. १८७२ चं, तेव्हा व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्या नावाचं, १९७५ पासून डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. हिरवट खांब, सोनेरी छत, आणि कपाटांमध्ये मातीच्या बोटभर बाहुल्या, जुन्या मुंबईतल्या जातीजमातींच्या, प्रत्येकाची पगडी वेगळी. प्रभूंची वेगळी, भाटियांची वेगळी, पारशांची वेगळी. पगडीवरून माणूस ओळखायचे दिवस. मावशी कोळणीच्या बाहुलीसमोर उभी राहून तिचं लुगडं नेसण्यात काय चुकलंय ते मला सांगत होती.

दिवस चौथा, शुक्रवार

मावसभाऊ अंधेरीला राहतो, त्याने सुट्टी टाकली. सकाळी गिल्बर्ट हिल. हा काळ्या बेसॉल्टचा एकसंध सुळका, दोनशे फूट उंच, साडेसहा कोटी वर्षांहून जुना, ज्वालामुखीतला लाव्हा थिजून उभे खांब तयार झाले तसे खांब खालपासून वरपर्यंत. अमेरिकेत असा एक आहे, तिथे नॅशनल मॉन्युमेंट, पार्किंग, दुर्बिणी. आपल्याकडे बुंध्याला चिकटून झोपड्या आणि इमारती, इतक्या की शंभर मीटरवर पोचलो तरी दिसेना, शेवटी एका पोराला विचारलं "टेकडी कुठे?" तर त्याने नुसती मान वर केली. वर गावदेवीचं देऊळ आहे, खडकात कोरलेल्या पायऱ्या चढून जायचं. वर वारा मस्त, तुळशी, दोन मांजरं. भाऊ तिथे बारा वर्षं राहतोय, पहिल्यांदाच चढला.

मग महाकाली लेणी, म्हणजे कोंडिविट्याची. रस्त्याचं नाव महाकाली केव्ह्ज रोड, रोज हजारो रिक्षा त्यावरून जातात, त्यातली किती लेण्यापर्यंत जातात देव जाणे. एकोणीस लेणी आहेत, बौद्ध. दगड ठिसूळ आहे त्यामुळे बरंच कोरीवकाम झिजलंय. नऊ नंबरच्या लेण्यात मात्र जरूर जा, आत स्तूपाभोवती दगडातच कोरलेली गोल झोपडी आहे, जाळीच्या खिडक्यांसकट, लाकडी गवती कुटीची दगडातली नक्कल. उन्हाने डोकं तापलेलं होतं आणि भाऊला ऑफिसचे फोन येत होते, त्यामुळे अर्ध्या तासात आटपलं. हा माझा दोष, लेण्यांचा नाही.

संध्याकाळी बाणगंगा. लोकलने ग्रँट रोड, तिथून बसने तीन बत्ती, आणि मग मलबार हिलच्या त्या श्रीमंत इमारतींच्या मधून पायऱ्या उतरत खाली. पायऱ्या उतरताना गाड्यांचा आवाज हळूहळू कमी होत जातो, आणि शेवटच्या वळणावर एकदम समोर भलंमोठं दगडी तळं, चारी बाजूंनी पायऱ्या, काठावर दीपमाळा, देवळं, मठ, आणि पाण्यात बदकं.

शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये, त्यांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी बांधलेलं, आणि १७१५ मध्ये रामा कामत यांनी पैसे देऊन पुन्हा उभं केलेलं. समुद्र इतका जवळ की पलीकडच्या गल्लीच्या टोकाला खडकांवर लाटा आपटतात, आणि तळ्याचं पाणी गोड. झऱ्याचं आहे. रामाला तहान लागली, त्याने बाण मारला, गंगा आली अशी गोष्ट. वाळकेश्वर पण तसंच, वाळूचं लिंग केलं म्हणून वालुकेश्वर.

आम्ही दोन तास बसलो. एक माणूस मुंडण करून क्रियाकर्माला बसलेला, गुरुजी भराभर मंत्र सांगत होते. दोन पायऱ्या सोडून शाळेतली पोरं बदकांना पाव टाकत होती. तिसरीकडे एक मुलगी चित्र काढत होती, तिच्या वहीत दीपमाळ होती पण मागचा चाळीस मजली टॉवर तिने काढलाच नव्हता. खिडकीत एक आजोबा बनियनवर चहा पीत होते. सातच्या सुमाराला कुठल्याशा देवळात घंटा सुरू झाली, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, एकमेकांशी ताल न जुळवता.

मावशीने पाण्यात पाय बुडवले. या शहरात एवढी वर्षं राहिले पण आई गेली तेव्हा तिच्या दिवसांना नाशिकला गेलो, कोणी सांगितलंच नाही की इथेपण करतात, असं काहीतरी म्हणाली. मी काही बोललो नाही.

दिवस पाचवा, शनिवार

काका म्हणाले आज मी येतो. सगळे चाट. शिवडी म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही, गिरणीतल्या दोस्तांबरोबर ते तरुणपणी शिवडीच्या जेट्टीवर खेकडे धरायला जायचे.

फ्लेमिंगो बघायचे तर भरतीचं टायमिंग बघावं लागतं. मी आदल्या रात्री फोनवर बघून ठेवलं होतं पण काका म्हणाले त्या फोनला काय कळतंय. ऐन भरतीला चिखल पाण्याखाली जातो मग पक्षी खाणार काय, आणि ऐन ओहोटीला ते दूर आत जातात, मग ठिपके दिसतात. भरतीच्या आधी किंवा नंतर दोन-तीन तासांनी जायचं. फोनवर पण नेमकं हेच होतं, पण मी ते सांगितलं नाही.

टॅक्सीने थेट जेट्टीपर्यंत गेलो, गुडघ्यांमुळे. वाटेत सगळी गोदामं, तेलाचे टँकर. आणि मग चिखल, आणि चिखलावर गुलाबी. आधी वाटलं प्लास्टिक आहे, मुंबईत तेच जास्त शक्य. मग ते हललं. शेकडो पक्षी, मान उलटी करून चोच चिखलात घालून, पुढे पुढे सरकत खात होते. सगळ्यांचा मिळून एक बारीक कलकलाट, लांबच्या बाजारासारखा. मागे अटल सेतू, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, पाऊणे बावीस किलोमीटर, त्यावरून गाड्या सुसाट चाललेल्या. त्यातल्या लोकांना खाली काय आहे ते दिसत असेल का? पुलाचं काम चालू असताना पक्ष्यांनी जागा बदलली असं तिथल्या एका कॅमेरेवाल्याने सांगितलं. काका मात्र पक्ष्यांकडे नाही, चिखलाकडे बघत होते. "इथे गुडघाभर रुतायचो आम्ही," म्हणाले आणि मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघून हसले.

टेकडीवर शिवडीचा किल्ला आहे, १६८० चा, इंग्रजांचा, छोटासा. मी एकटाच धावत वर जाऊन आलो. आत कोणी नव्हतं, एक कुत्रं सावलीत झोपलेलं. तटावरून खाली बघितलं तर जेट्टीच्या कठड्यावर मावशी आणि काका बसलेले दिसले, मधे भेळेचा कागद, दोघं एकदम काहीतरी बोलत होते, कोणी कोणाचं ऐकत असेल असं वाटत नव्हतं.

रात्रीच्या गाडीने परत. मावशीने लसणाची चटणी आणि सुकट बांधून दिली, सुकटीमुळे सगळ्या डब्याने माझ्याकडे बघितलं.

आठवड्याने मावशीचा फोन आला. भिशीच्या सात-आठ बायकांना घेऊन ती बारादेवीला गेली होती. कुलूपच होतं, पण हिने सगळ्यांना एकेक करून जाळीपाशी उभं केलं आणि अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबायला लावलं, सात मोजल्याशिवाय कोणाला हलू दिलं नाही. एकीने विचारलं, तुम्ही इथल्या जुन्या, तुम्ही पहिल्यांदा कधी बघितलंत?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं लग्न झाल्यापासून बघतेय म्हणून. तू काही बोलू नकोस कोणाजवळ."